काम उत्तम जमतं, पण त्यात जीव रमत नाही

रानवाट

कामाचा वैताग आला की आपण बहुतेकदा दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळे होतो. एक तर नोकरीच वाईट आहे, नाहीतर मीच कुठेतरी कमी पडतोय. या दोन्हींच्या मधे बरंच काही असतं आणि त्यावर फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

माझ्या मते सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे आपल्याला चांगलं जमणारं काम. न जमणाऱ्या कामाचं एक बरं असतं, ते लवकर उघडं पडतं. पण जे जमतं आणि तरी नको वाटतं, ते वर्षानुवर्षं गळ्यात राहतं. तक्रार तरी कशाची करणार? सगळे कौतुकच करत असतात.

माझी एक मैत्रीण हिशेब विभागात आहे. महिनाअखेरीचा ताळमेळ तिच्याकडे. एका स्क्रीनवर बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्यावर लेजर, म्हणजे कंपनीची खातेवही. ओळ जुळली की टिक, नाही जुळली की पिवळा रंग. फरक ९० चा आला तर ती आधी नऊने भागून बघते, कारण शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नऊने भाग जातोच. भाग गेला की म्हणते, 'कुणीतरी आकडे उलटे टाकलेत,' आणि ५४० च्या जागी पडलेले ४५० शोधून काढते. चूक राहत नाही. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिला कुणाशी एक शब्द बोलावासा वाटत नाही. हीच मैत्रीण, एखादा नवा सहकारी गोंधळून तिच्या टेबलाशी आला की हातातला कागद पालथा करते, चौकोन काढते, बाण काढते, 'थांब, आधी हे पैसे येतात कुठून ते बघू' म्हणते, आणि तास कसा गेला ते तिला कळत नाही. तिच्या अप्रेजलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात मात्र दर वर्षी एकच शब्द ठळक असतो, अचूकता. त्याचं बक्षीस म्हणून आणखी शाखांचा ताळमेळ तिच्याकडे आला. समजावून सांगण्याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नाही, कारण ते 'काम' म्हणून कुणी धरलंच नाही. तिनेही नाही.

तेव्हा हातोटी वेगळी आणि कल वेगळा, असं मला ठामपणे वाटतं. हातोटी सरावाने येते. कल ओळखायचा तो काम संपल्यावर आपल्यात काय उरतं त्यावरून. दमणं दोन्हीकडे आहे. पण एका दमण्यात उद्याचा विचार डोक्यात घोळत राहतो आणि दुसऱ्यात उद्या नकोसा वाटतो.

दुसरं म्हणजे 'मला माझं काम आवडत नाही' हे वाक्य फार ढोबळ आहे. कुठलंही काम अनेक टप्प्यांचं असतं आणि आपण अडतो ते एखाद-दुसऱ्या टप्प्यावर. पॅट्रिक लेन्सिओनी या अमेरिकी सल्लागाराने २०२२ मध्ये याची एक मांडणी पुढे आणली. काहीतरी खटकणं आणि प्रश्न पडणं, त्यावर नवा उपाय सुचणं, सुचलेल्यातलं कुठलं चालेल याची पारख, मग लोकांना कामाला लावणं, मदतीला धावून जाणं, आणि शेवटी काम तडीस नेणं, असे सहा प्रकार. यातले दोन आपल्याला मनापासून भावतात, दोन निभावून नेता येतात आणि दोन नको होतात, असं त्याचं म्हणणं. प्रत्येकाचे बरोबर दोन-दोनच कसे, हे मला पटत नाही. पण बोलायला शब्द म्हणून हे सहा उपयोगी आहेत. 'माझं कामात लक्ष नाही' यापेक्षा 'सुरुवात मी झोकात करतो, शेवटच्या दहा टक्क्यांत माझा जीव जातो' हे वाक्य बॉसला सांगता येतं.

तुमचा जीव कुठल्या टप्प्यात रमतो आणि कुठल्या टप्प्यात जातो? आणि तो तुम्हाला कळला कसा?

टिपणवही

धागा अगदी वेळेवर आला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कुणी काही मांडलं की माझ्या डोक्यात पहिलं येतं, 'आणि हे नाही चाललं तर?' हे मी मुद्दाम करत नाही, ते आपोआप होतं. आधीच्या टीममध्ये यामुळे माझ्यावर 'निगेटिव्ह' असा शिक्का बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं की समोरचे खुर्चीत मागे रेलायचे.

आताच्या टीम लीडने एक साधी गोष्ट केली. नव्या कल्पनेची मीटिंग दोन भागांत घ्यायला लागला. पहिल्या भागात फक्त सुचवायचं, कुणी काहीही खोडायचं नाही. मग मधे सुट्टी. दुसऱ्या भागात तो माझ्याकडे वळून म्हणतो, 'आता फोडा.' माझं बोलणं होतं तेच आहे, अगदी शब्दही तेच. पण मीटिंगच्या पाचव्या मिनिटाला तोच प्रश्न विचारला तर कल्पना जागीच मरते आणि तासाभराने विचारला तर ती तग धरते.

मेरेडिथ बेल्बिन या ब्रिटिश संशोधकाने व्यवस्थापकांच्या गटांचं निरीक्षण करून १९८१ मध्ये संघातल्या भूमिका मांडल्या, पुढे त्या नऊ झाल्या. त्यातली 'पारखून बघणारा' ही भूमिका वाचताना मला फार बरं वाटलं होतं. त्यांचा एक विचार माझ्या कायम लक्षात राहिलाय. प्रत्येक भूमिकेच्या गुणाबरोबर एक उणेपणा येतोच आणि तो काही प्रमाणात चालवून घ्यावा लागतो. कल्पना लढवणारा तपशील विसरणार. पारखणारा लोकांना पेटवू शकणार नाही. हे कळल्यावर मी दुसऱ्यांवरही कमी चिडायला लागलो. आमच्यातला एक जण दर आठवड्याला नवी टूम काढतो. पूर्वी मला तो चंचल वाटायचा. आता कळतं की त्याने टुमा काढल्या नाहीत तर मी पारखणार काय?

उलटतपासणी

धागाकर्त्याचा हेतू चांगला आहे, पण या सगळ्या प्रकार-मांडण्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते.

१९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. नंतर प्रत्येकाला 'हे तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला आणि ० ते ५ मध्ये गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. प्रत्यक्षात सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता आणि तो त्याने भविष्याच्या पुस्तकातून उचलला होता. म्हणजे 'अगदी माझंच वर्णन आहे!' हे वाटणं कुठल्याही चाचणीच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही. ऑफिसात कुणी व्यक्तिमत्त्व चाचणीचा चार अक्षरांचा किंवा चार रंगांचा निकाल हातात ठेवला की हे आठवावं. वर्णन वाचून बरं वाटणं आणि त्यातून काही नवं कळणं यांत फरक आहे.

यापेक्षा नोंद ठेवणं कितीतरी चांगलं. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९९९ च्या एका लेखात सुचवलेली पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. महत्त्वाचा निर्णय घेताना किंवा मोठं काम हातात घेताना, यातून काय होईल असं आपल्याला वाटतं ते लिहून ठेवायचं. नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. आपण कशात बरे आहोत याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि ही पद्धत नेमकी तो अंदाज तपासते.

मात्र त्यातून ताकद कळते, रमणं कळत नाही. रमण्यासाठी त्या-त्या वेळी टिपावं लागतं, आठवणीवर विसंबून चालत नाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी यासाठी लोकांना पेजर, म्हणजे संदेश आला की वाजणारं खिशातलं छोटं यंत्र, दिले होते. दिवसात कधीही तो वाजायचा आणि त्या क्षणी काय करताय, कसं वाटतंय ते लिहायचं. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात मजेशीर विसंगती दिसली. पुरेसं आव्हान आणि त्याला साजेसं कौशल्य, असे तल्लीनतेचे क्षण लोकांना फावल्या वेळेपेक्षा कामावरच जास्त मिळत होते. तरीही कामावर असताना त्यांना आपण दुसरीकडे असावं असं वाटत होतं. थोडक्यात, 'मला काम आवडत नाही' या आपल्या स्वतःच्या साक्षीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

रानवाट

@उलटतपासणी, पेजरचा मुद्दा उत्तम. आता फोनचा अलार्म त्याच कामाला येतो. दिवसातून दोन-तीनदा अवेळी वाजेल असा लावायचा आणि एक ओळ लिहायची. 'मीटिंग' एवढंच लिहून उपयोग नाही. मीटिंगमध्ये त्या क्षणी आपण काय करत होतो, ऐकत होतो, वाद मिटवत होतो की टिपणं काढत होतो, ते लिहायला हवं. माझ्या नोंदी परत वाचल्या तेव्हा सगळा फरक त्या क्रियापदांतच दिसला.

दुपारपाळी

मी वॉर्डमध्ये नर्स आहे. वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडे ड्युटी लिस्ट लागते आणि त्यात जे असेल ते करायचं. पेशंटचं बघायचं, औषधांचं स्टॉक रजिस्टर भरायचं, नातेवाइकांना सांभाळायचं, हँडओव्हर द्यायचा. मला कशात रमायला होतं हे कोण विचारणार? आणि खरं सांगू, माणसं कमी आणि खाटा जास्त असल्या की कुठल्याच टप्प्यात जीव रमत नाही.

रानवाट

@दुपारपाळी, तुमचा शेवटचा मुद्दा या सगळ्या चर्चेच्या आधी यायला हवा, इतका महत्त्वाचा आहे.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखतींवर आधारित काम प्रसिद्ध केलं. कामाबद्दल फार छान वाटलं तो प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं तो सांगा, असं विचारलं होतं. छान प्रसंगांत लोक प्रत्यक्ष कामाबद्दल बोलले, काहीतरी साधल्याबद्दल, जबाबदारीबद्दल. वाईट प्रसंगांत धोरणं, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती हे पुढे आलं. त्यावर आक्षेपही आहेत. यशाचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयश परिस्थितीवर ढकलतो, तेव्हा अशा मुलाखतीत असंच येणार, हा त्यातला मोठा आक्षेप. पण एक गोष्ट मी त्यातून घेतली. वैताग दोन जातींचा असतो. एक कामाचा, एक कामाभोवतीच्या परिस्थितीचा. ओळखायला मी स्वतःला विचारतो, माणसं पुरेशी असती, वेळ पुरेसा असता, वरचा माणूस धड असता, तरी हे काम मला नको वाटलं असतं का? 'नाही' असं उत्तर आलं तर तिथे आपल्या पिंडाचा काही संबंध नाही. तिथे माणसं वाढवून मागायची असतात. तुमच्या कलाचा शोध घ्या असं सांगून कुणी कमी माणसांत काम रेटून घेत असेल तर ते मला अजिबात मान्य नाही.

आणि माणूस पार थकून गेला असेल तेव्हा तर हा शोध घेऊच नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या स्वीकारली तिच्यात तीन गोष्टी आहेत. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि कामाची परिणामकारकता कमी होणं. अशा काळात आवडती कामंही नको होतात. त्या दिवसांवरून 'मी या पेशासाठी नाहीच' असा निकाल लावणं स्वतःवर अन्याय आहे.

शाईपेन

एक वेगळा मुद्दा. 'तुझा नैसर्गिक कल' हे दर वेळी आपण शोधलेलं नसतं, बऱ्याचदा ते दुसऱ्यांनी चिकटवलेलं असतं.

आमच्या टीममध्ये मीटिंगची मिनिट्स लिहिणं, नव्या माणसाला सगळं दाखवणं, निरोपसमारंभाची जुळवाजुळव, दोन भांडलेल्या सहकाऱ्यांमधे पडणं, हे फिरून फिरून माझ्याकडे आणि आणखी एका बाईंकडे येतं. 'तुम्हाला हे छान जमतं हो!' जमतं, कारण दर वेळी आम्हीच करतो.

यावर लिंडा बॅबकॉक, लीज वेस्टरलुंड या अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. ज्या कामातून बढतीला काही मदत होत नाही, अशा कामासाठी स्त्रिया जास्त वेळा पुढे येतात, त्यांना विचारलंही जास्त जातं आणि त्या होही जास्त वेळा म्हणतात. पण खरी गंमत पुढे आहे. प्रयोगात जेव्हा गट फक्त पुरुषांचे किंवा फक्त स्त्रियांचे केले, तेव्हा हा फरक उरला नाही. पुरुषांच्या गटातही कुणीतरी हात वर केलाच. म्हणजे हा स्वभाव नव्हता, 'ती करेल' ही सगळ्यांची अपेक्षा होती, तिची स्वतःची धरून.

म्हणून माझी विनंती आहे, आपली बलस्थानं लिहिताना प्रत्येकीने (आणि प्रत्येकाने) त्यापुढे लिहावं की हे मला कुणी सांगितलं, आणि मी ते केल्याने कुणाची सोय होते.

मधली_फळी

@शाईपेन, तुमचा मुद्दा मी माझ्या टीममध्ये बघितलाय. मी मॅनेजर आहे, वरून दाब आणि खालून अपेक्षा अशा जागी.

व्यवस्थापनाच्या बाजूने सांगायचं तर आपण कामाचं बक्षीस म्हणून तेच काम आणखी देतो. त्यात वाईट हेतू नसतो. डेडलाइन असते आणि समोर एक माणूस असतो जो ते बिनचूक करेल याची खात्री असते. पण याने टीममधला सगळ्यात भरवशाचा माणूस सगळ्यात आधी सोडून जातो, आणि जाताना कारण 'चांगली संधी' असं सांगतो.

मी आता अप्रेजलच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास विचारतो. 'तुमच्याकडचं असं कुठलं काम आहे जे तुम्ही चांगलं करता म्हणून मी तुमच्याकडून काढून घेत नाही, पण काढून घेतलं तर तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल?' पहिल्यांदा लोक बिचकतात. त्यांना वाटतं हा सापळा आहे. मग मी माझं उत्तर आधी सांगतो. मला आकड्यांचे मासिक अहवाल बनवणं नको वाटतं, बरे बनवतो तरीही. त्यानंतर लोक खुलेपणाने बोलतात. आमच्याकडे एक जण फॉलोअपला कंटाळला होता आणि दुसरीला फॉलोअपच आवडायचा, यादीतल्या ओळी खोडल्या जाताना तिला मनापासून समाधान मिळतं. दोघं शेजारी बसत होते. कुणी विचारलंच नव्हतं.

सगळं असं जुळत नाही, हेही सांगतो. काही कामं कुणालाच नको असतात. ती आम्ही पाळीपाळीने करतो आणि पाळी भिंतीवर लिहिलेली असते. 'ज्याला आवडेल तो करेल' असं सोडलं की ती कामं नेमकी शाईपेन म्हणतात तशी जाऊन पडतात.

नवशिका_२

नोकरीत नवीन आहे. मला तर सगळंच जड जातंय. क्लायंटशी बोलताना घाम फुटतो, रिपोर्ट लिहायला दिवस जातो. मग माझा कल कुठलाच नाही असं समजायचं का?

टिपणवही

@नवशिका_२, अजिबात नाही. सुरुवातीचा त्रास हा न येण्याचा त्रास असतो, तो पिंडाचा नसतो. दोन्ही आतून सारखेच वाटतात, ही अडचण आहे. फरक पुढे कळतो. हात बसत गेला तसा त्रास कमी झाला, तर तो शिकण्याचा होता. हात बसला, चुका थांबल्या, आणि तरी रविवारी संध्याकाळी त्याच कामाच्या विचाराने पोटात गोळा येतो, तर ते पिंडाचं समजा. त्यामुळे थोडं येऊ लागेपर्यंत निकाल लावू नका. तोवर वर सांगितलीय तशी एका ओळीची नोंद मात्र ठेवा, पुढे तीच कामाला येईल.

आणखी एक खूण सांगतो. कुणी न सांगता तुम्ही काय करता ते बघा. दुसऱ्याचा रिपोर्ट समोर आला की तुम्ही आपसूक चुका शोधता, मांडणी बदलावीशी वाटते, की 'हा कुणाला दाखवायला हवा' असं मनात येतं? यावरून बराच अंदाज येतो.

उलटतपासणी

टिपणवहींना अनुमोदन. फक्त एक भर घालतो. ज्यात आपण खरोखर रमतो तिथेच आपण अतिरेकही करतो. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर यांनी वरिष्ठ व्यवस्थापकांबद्दल २००९ मध्ये हेच मांडलं होतं, की बलस्थान जरुरीपेक्षा जास्त वापरलं की तेच आड येतं. मदतीला धावणारा माणूस समोरच्याला शिकूच देत नाही. तडीस नेणारा, थांबवायला हवं ते कामही रेटून पूर्ण करतो. त्यामुळे 'माझी ताकद' लिहिलेल्या ओळीखाली 'याचा अतिरेक केला की कुणाला त्रास होतो' हीदेखील ओळ हवी, आणि ती सहकाऱ्याकडून लिहून घेतलेली बरी.

दुपारपाळी

सगळे प्रतिसाद वाचले. रानवाट यांचा तो प्रश्न मी दोन-तीन कामांना लावून बघितला. माणसं पुरेशी असती तर? खाटांची धावपळ मला नको वाटली नसती, उलट आवडली असती. नातेवाइकांना समजावून सांगणं मला आजही आवडतं, वेळ नसतो म्हणून तुटक बोलावं लागतं त्याचं वाईट वाटतं. पण स्टॉक रजिस्टर मात्र माणसं कितीही असती तरी नकोच वाटलं असतं. म्हणजे माझ्या वैतागातला मोठा भाग परिस्थितीचा आहे आणि एक लहानसा भाग खरंच माझा आहे.

माझ्याबरोबर एक सिस्टर आहेत, त्यांना रजिस्टर, एक्सपायरी तारखा, कपाटाची मांडणी यांत शांत वाटतं आणि नवी अ‍ॅडमिशन आली, बरोबर चार नातेवाईक आले की त्या कावऱ्याबावऱ्या होतात. इनचार्जकडे अदलाबदल मागावी असं मनात आहे. पण 'आवडीनिवडी घरी ठेवा' असं उत्तर येईल अशी भीती वाटते.

मधली_फळी

@दुपारपाळी, आवड हा शब्दच काढू नका. एकट्या जाऊ नका, दोघी मिळून जा, म्हणजे एकीने काम टाळलं असं वाटणार नाही. आणि पाळी कशी भरून निघेल ते आधी ठरवून जा. काहीसं असं म्हणा: 'पुढचा महिनाभर आमच्या पाळीत अ‍ॅडमिशन आणि नातेवाइकांशी बोलणं मी बघते, रजिस्टर आणि कपाट या बघतील. एक जण रजेवर असली तर दुसरी दोन्ही करेल. महिन्याने रजिस्टरमधल्या चुका आणि नातेवाइकांच्या तक्रारी तुम्हीच बघा, नाही जमलं तर होतं तसं करू.' मुदत आणि परत फिरायची वाट दिली की वरच्या माणसाला हो म्हणणं सोपं जातं. मी स्वतः अशाच मागण्यांना हो म्हणतो.

माणसं कमी असल्याचं मात्र त्याच बोलण्यात मांडू नका. ते वेगळं, लेखी आणि सगळ्यांच्या सह्यांनी द्या.

दुपारपाळी

हे वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. एक शंका: रजिस्टरचं काम पूर्ण सुटलं तर माझा हातच जाईल ना? नाइटला एकटी असते तेव्हा मलाच करावं लागतं.

मधली_फळी

बरोबर आहे. मग आठवड्यातला एक दिवस उलटा ठेवा, त्या दिवशी रजिस्टर तुमच्याकडे आणि अ‍ॅडमिशन त्यांच्याकडे. इनचार्जना हे आधीच सांगितलंत तर त्यांचा पहिला आक्षेप तिथेच संपेल.